ते खाणं नव्हे, जाणं-येणं

चर्चच्या जेवणावळीत अंड्याचं सॅलड पानात घेण्याआधी आर्डिस लोकेन ते कुणी केलं, केव्हा केलं आणि मधल्या वेळात कुठे ठेवलं होतं, हे विचारते. करणारी तिची सख्खी नणंद असली तरी विचारते. खरं तर नणंद असली की दोनदा विचारते. समाधानकारक उत्तर मिळालं तर मान डोलावते, आणि सॅलड न घेता पुढे जाते.

आमच्या न्यू हॅलिंगमध्ये तिच्याइतकं संशयी माणूस दुसरं नाही, आणि नॉर्थ डकोटातल्या गावाबद्दल असं म्हणणं हे धाडस आहे. इथले लोक हवामानखात्यावर, मिरपुडीवर आणि शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसांवर विश्वास ठेवत नाहीत. आर्डिस स्वतः शेजारच्या जिल्ह्यातून लग्न होऊन आली. आता तिची नातवंडं ट्रॅक्टर चालवतात, तरी कॅफेत तिचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "ती मूळची इथली नाही." माझं तर बोलायलाच नको. मी इथल्या दवाखान्याचं औषधभांडार सांभाळायला आलो तेव्हा गावाने माझं नाव उच्चारून पाहिलं, जमलं नाही, आणि तेव्हापासून सगळे मला 'फार्मसी' म्हणतात. "फार्मसी, कॉफी घेणार?" इतक्या वर्षांनी मीही वळून बघतो.

आर्डिस भूल देणारी नर्स आहे. मोठ्या शहरांत या कामाला भूलतज्ज्ञ डॉक्टर असतात, त्यांच्या हाताखाली माणसं असतात. आमच्याकडे भूल म्हणजे आर्डिस, आणि आर्डिस सुट्टीवर गेली तर भूल सुट्टीवर. त्यामुळे ती जात नाही. शस्त्रक्रिया करायला डॉ. व्हिटकर फार्गोहून ठरलेल्या वारी येतात. हसतमुख, गाणं गुणगुणणारा माणूस. आर्डिस त्यांच्यावरही विश्वास ठेवत नाही. "हात चांगला आहे," ती म्हणते, "पण आनंदी दिसतो. सकाळी सकाळी माणूस आनंदी का असावा?"

सकाळी ती सगळ्यांच्या आधी येते आणि भुलेचं यंत्र तपासते. तपासते म्हणजे, सासूबाई पहिल्यांदा सुनेच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखी. नळ्या ओढून बघते, सिलिंडरचा काटा बोटाने टिचकून बघते, सक्शन चालू करून तळहातावर ओढ घेऊन बघते. सक्शन म्हणजे झोपलेल्या माणसाच्या घशात काही आलं तर ते ओढून घेणारी नळी. काल हे सगळं नीट होतं, असं कुणी म्हणालं तर ती म्हणते, "काल मीपण तरुण होते."

पण यंत्र बिचारं खोटं बोलत नाही. बोलतात ते रुग्ण. भरल्या पोटी माणसाला झोपवलं, तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि माणूस हातचा जातो. म्हणून 'काही खाल्लंय का?' हा तिच्या धंद्यातला पहिला प्रश्न. सरळ प्रश्न वाटतो ना? न्यू हॅलिंगमध्ये तो विचारून दाखवा.

एक तर आमच्याकडे पाहुण्याला कॉफी विचारली तर पहिलं 'नको' हे त्याचे संस्कार असतात, दुसरं 'नको' हे त्याच्या आईवडिलांचे, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते उत्तर. म्हणून आर्डिस प्रत्येक प्रश्न तीनदा विचारते. दुसरी भानगड लंचची. इथे दुपारचं जेवण म्हणजे डिनर, रात्रीचं सपर. आणि लंच म्हणजे मधल्या वेळी कॉफीबरोबर जे तोंडात टाकायचं ते: सकाळी, तिसऱ्या प्रहरी, रात्री घरी निघताना, पत्ते खेळताना, कुणी वारल्यावर. बाहेरून आलेली एखादी नर्स विचारते, "ब्रेकफास्ट केलात?" शेतकरी म्हणतो, "नाही बाई." अगदी खरं सांगतो. पोटात हॅमचं सँडविच असतं, पण ते लंच होतं, आणि लंचचं कुणी विचारलंच नाही. म्हणून आर्डिस ब्रेकफास्टचं विचारते, लंचचं विचारते, कॉफीचं, कॉफीतल्या दुधाचं, आणि शेवटी, "चव घेऊन बघितली का कशाची?" माणूस वैतागतो. वैतागला की तिला जरा बरं वाटतं. तिच्या मते खोटं बोलणारा माणूस वैतागत नाही, गोड होतो.

या संशयाची तिने स्वतःही किंमत मोजली आहे. तिचा उजवा खुबा झिजलाय. चालताना ती एका बाजूला अशी कलते की लांबून वाटावं, वारा सुटलाय. हाडांचे डॉक्टर दरवर्षी सांगतात, सांधा बदलून घ्या. ती दरवर्षी एकच विचारते, "आणि मला भूल कोण देणार?" सुरुवातीला लोक हसायचे. मग कळलं की बाई विनोद करत नाहीये. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करता येतं, हे तिला माझ्याहून जास्त माहीत. पण ती सुई तरी कुणीतरी टोचणारच ना? राज्यातल्या एकूण एक भूल देणाऱ्यांची तिला माहिती आहे, आणि प्रत्येकाबद्दल काही ना काही आहे. एक शिट्टी वाजवतो. एक म्हणे बोलताना डोळ्यांत बघत नाही, आणि दुसरी फार बघते.

अशा बाईकडे ब्रिटा मोएन आली.

ब्रिटा इथलीच, धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या मोएनची धाकटी. नर्सिंग करून फार्गोच्या मोठ्या दवाखान्यात आयसीयूत लागली. तिथे भूल द्यायला शिकवणाऱ्या शाळेची स्वप्नं बघणाऱ्या नर्सांचं भारी पीक. पण हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण जी बोलेल तिला जुन्या नर्सा म्हणतात, "अच्छा, म्हणजे आमचा आयसीयू तुझा बसस्टॉप का?" आणि सणासुदीच्या सगळ्या पाळ्या तिच्याच नावावर पडतात. ब्रिटाने बोलून दाखवलं. त्यामुळे दोन वर्षं नाताळात ती घरी आली नाही. शाळेची अट होती की त्या कामातल्या कुणाच्या तरी मागे उभं राहून काम बघितलेलं असावं, आणि त्या माणसाने शाळेच्या फोनवर उमेदवाराबद्दल दोन शब्द बोलावे. फार्गोत असं मागे उभं राहायलाही रांग होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी बर्फातून गाडी हाकत ती आर्डिसच्या दारात आली. गुदस्ता उन्हाळ्यात आर्डिसने एक मुलगी अशीच परत पाठवली होती, ती लिंबाचा केक घेऊन आली होती म्हणून. ब्रिटा रिकाम्या हाताने आली. आर्डिसला याचाही संशय आला.

"कशाला व्हायचंय तुला हे?" आर्डिसने विचारलं. आम्ही तिघं दवाखान्याच्या उपाहारगृहात होतो. मला साक्षीला बसवलं होतं.

ब्रिटाने काहीतरी माणसांची सेवा वगैरे म्हटलं.

"हे निवडणुकीला उभे राहणारे म्हणतात. पगारासाठी का?"

"पगारही चांगला आहे," ब्रिटा म्हणाली.

आर्डिस थोडी पुढे झुकली. हे तिला आवडलं असावं, पण कबूल कोण करतंय. मग तिने जे ऐकवलं ते मी इथे सांगतो, कारण अशा शाळेकडे डोळे लावून बसलेल्या कुणाला उपयोगी पडेल. तिने मात्र ते पोरीला घाबरवायलाच सांगितलं होतं. म्हणाली, आयसीयूतलं एक वर्ष पुरतं असं शाळा सांगते, ते किमान असतं, आणि किमानावर फक्त सरकारी रस्ते बांधतात. सगळ्यात आजारी, सगळ्यांनी टाळलेला रुग्ण मागून घे. रक्तदाब का पडला हे डॉक्टर येण्याआधी स्वतःशी बोलून बघ, आणि चुकलीस की कुठे चुकलीस ते त्याच दिवशी शोध. शाळेची तीन वर्षं नोकरी करता येणार नाही, तेव्हा आत्ताच गाडीचे हप्ते संपव आणि नवी गाडी बघूसुद्धा नकोस. प्रियकर असेल तर त्याला आत्ताच सांग. नंतर सांगितलंस तर तो ऐकेल, पण तेव्हा तू झोपलेली असशील. आणि एक लक्षात ठेव, आज आयसीयूत नवख्या पोरी तुला विचारायला येतात. शाळेत गेलीस की पहिल्या दिवशी तूच सगळ्यात ढ. ज्यांना ते सोसत नाही त्या रडत परत येतात, हुशार असतात त्यासुद्धा.

"आता तर डॉक्टरेट लागते म्हणे," शेवटी ती म्हणाली. "माणसाला झोपवायला! आमच्या वेळी डॉक्टरेटवाल्यांची भाषणं ऐकून माणसं फुकट झोपायची."

"आणि शिकल्यावर मी इथेच येणार आहे," ब्रिटा म्हणाली. "तुमच्यानंतर कुणी नाही. ऑपरेशनं बंद झाली तर बाळंतपणाला बायकांना फार्गोला जावं लागेल, बर्फातून."

"सगळ्या असंच म्हणतात. मग मिनीआपोलिसमध्ये घर घेतात." आर्डिसने कॉफीचा कप वास घेऊन खाली ठेवला. "ये मंगळवारी. कोपऱ्यात उभं राहायचं. हात लावायचा नाही. बोलायचं नाही."

मंगळवारी ब्रिटा आली तर ऑपरेशन थिएटरच्या फरशीवर आर्डिसने पांढऱ्या चिकटपट्टीने एक चौकोन आखून ठेवला होता. शाळेत खोडकर मुलाला उभं करतात तसा. ब्रिटा त्यात उभी राहिली. पुढच्या खेपेलाही राहिली. हिवाळाभर ती येत होती, आणि त्या चौकोनातून आर्डिसच्या पाठीकडे बघत होती. आर्डिस कधी कधी मागे न बघता प्रश्न फेकायची: नाडी का वाढली, आता ओठांचा रंग बघ, आता काय ऐकू येत नाहीये? ब्रिटा बरोबर सांगायची. आर्डिस 'हं' म्हणायची. आमच्याकडे 'हं' ही बरीच मोठी शाबासकी आहे, पण आर्डिसचं 'हं' हे 'ठीक' की 'हिला आधीच कुणी सांगून ठेवलंय', हे कळायला मार्ग नव्हता. मला तर एकदा तिने सरळच विचारलं, मी पोरीला औषधांची नावं आदल्या दिवशी सांगतो का. मी नाही म्हटलं. तिने आणखी दोनदा विचारलं.

फेब्रुवारीत एका सकाळी आर्डिसने सक्शन मुद्दाम बंद करून ठेवलं. रुग्ण अजून आत आला नव्हता, धोका काही नव्हता, सापळा होता. सगळं तपासल्याचं नाटक करून ती बाहेर गेली. परत येते तो सक्शन चालू. चौकोनात ब्रिटा शांत उभी.

"हे कुणी चालू केलं?"

"मी. बंद राहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात बोलायचं नाही. आणि..." ब्रिटा लाल झाली. "तुम्हाला ओशाळं वाटलं असतं."

आर्डिसने तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरीने चोरी केली. त्या दिवशी दुपारी ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली, "फार्मसी, ही बरोबर बघते, पण सभ्य आहे. सभ्य माणूस या खोलीत कामाचा नाही. मी चुकतेय हे तिला दिसलं, आणि तिने माझी अब्रू वाचवली. उद्या टेबलावर कुणी मरत असेल तरी ही माझी अब्रू वाचवेल."

"तू बोलू नको म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"मग माझ्यावर विश्वास कशाला ठेवला तिने?"

आर्डिस पुढे म्हणाली, "पुढच्या महिन्यात शाळेचा फोन येणार आहे. मी सांगणार, मुलगी फार सभ्य आहे." यातला विषारी भाग तुमच्या लक्षात यायला आमच्या गावात काही वर्षं काढावी लागतील. इथे वाईट कुणाला म्हणत नाहीत. 'फार सभ्य' म्हटलं की संपलं.

ब्रिटालाही ते कळलं. आर्डिसने तिच्या तोंडावरच सांगितलं. आर्डिसचा शब्द नाही तर यंदा शाळा नाही, आणि पुढच्या वर्षी फार्गोच्या रांगेत पुन्हा शेवटून. गप्प घरी जाईल असं मला वाटलं होतं. पुढच्या मंगळवारी ती परत चौकोनात उभी. आर्डिसला आता भलताच संशय आला. "ही परत का येते? मी असते तर आले नसते. हिला हवंय काय?"

मार्चमधला तो दिवस ऑर्डेल स्कारच्या हर्नियाचा. ऑर्डेल म्हणजे बीट पिकवणारा, थोराड, बोलताना टोपी हातात फिरवणारा म्हातारा. दुपारनंतर बर्फाचं वादळ येणार म्हणून डॉ. व्हिटकरांना लवकर आटपून फार्गो गाठायचं होतं. ते हात धुताना त्या दिवशी गुणगुणत नव्हते. पुढचं मी ऐकून सांगतो. ब्रिटाने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आणि ऑर्डेल तर कॅफेत अजून सांगतोय.

आर्डिसने नेहमीची सरबत्ती केली. ब्रेकफास्ट? नाही. लंच? नाही. कॉफी? नाही, आणि तोंड असं केलं की कॉफीवाचूनचं दुःख खरं वाटावं. तीनदा विचारून झालं. चव? "आर्डिस, उपाशी आहे मी. वैताग नको देऊस." वैतागला, म्हणजे खरं. त्याला आत नेलं, टेबलावर झोपवलं, हाताला सलाईन लावलं. घाबरलेली माणसं बडबडतात तसा तो बडबडत होता. बायको मुलीकडे गेलीय, घरी कुणी नाही, म्हणून कुत्र्याला गुंडा ब्रेकेबाईच्या घरी सोडून आलो, गुंडाचा गोठा बघण्यासारखा आहे, नवा रंग दिलाय. आर्डिस 'हं हं' करत होती. तिने ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडावर धरला. तिची ब्रिटाकडे पाठ होती, आणि तिचा दुसरा हात सलाईनच्या नळीकडे गेला. डॉ. व्हिटकर हातमोजे घालून दारात उभे.

"थांबा," चौकोनातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ब्रिटाचा एक पाय चिकटपट्टीच्या बाहेर होता.

"काय झालं?" आर्डिसने विचारलं. गोड आवाजात नाही.

"मला त्यांना एक विचारायचंय."

"मी विचारलंय. तीनदा. तू ऐकलंस."

"तुम्ही चुकीचं विचारलंत, मिसेस लोकेन."

डॉ. व्हिटकर मला म्हणाले होते की त्या क्षणी त्यांना वादळाची आठवणच राहिली नाही. ब्रिटा टेबलाशी गेली. तिचा आवाज कापत होता असं ती म्हणते. ऑर्डेल म्हणतो, अगदी तिच्या आजीसारखा करडा होता.

"ऑर्डेल, गुंडाने काय केलं होतं आज?"

मास्कच्या आतून ऑर्डेलचा चेहरा खुलला. "रुबार्बच्या वड्या, पोरी. फ्रीजरमधल्या रुबार्बचे आंबट देठ, पण काय चव! दोन घेतल्या. तिसरी ती जबरदस्तीने देत होती."

"आणि कॉफी?"

"आता कुत्रा सोडायचा आणि कॉफी न घेता निघायचं? बरं दिसतं का ते?"

मग आर्डिस म्हणाली, "ऑर्डेल स्कार, मी तुला लंचचं विचारलं होतं."

"लंच मी केलंच नाही!" ऑर्डेलला खरंच वाईट वाटलं. "लंच म्हणजे आपल्या घरी. गुंडाकडचं ते खाणं नव्हे, आर्डिस. ते जाणं-येणं."

आता हसू येतं. पण त्या दोन वड्या आणि दुधाची कॉफी घेऊन तो झोपला असता, तर कदाचित उठला नसता. हर्निया पुढच्या आठवड्यावर गेला. डॉ. व्हिटकर चिडले नाहीत; गाडीत बसताना त्यांनी ब्रिटाशी हात मिळवला आणि वादळाच्या आधी निघून गेले. ऑर्डेलला कपडे चढवून घरी पाठवलं. जाताना त्याने सगळ्यांची क्षमा मागितली, आणि निरोप घेत तो दारात बराच वेळ उभा राहिला, कारण आमच्याकडे लगेच निघणं हेही बरं दिसत नाही.

फरशीवर वाकून, खुबा दुखत असताना, आर्डिसने ती चिकटपट्टी खरवडून काढली आणि गोळा करून कचऱ्यात टाकली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण इतकी वर्षं आर्डिसच्या संगतीत राहून मलाही तो रोग जडलाय. झालं असं की न वापरलेली औषधं माझ्याकडे परत येतात. त्या दुपारी आर्डिसने तिचा ट्रे खिडकीत ठेवला. त्यात झोपवणाऱ्या औषधाची बाटली होती. दुधासारखं पांढरं असतं ते. बाटली सीलबंद होती.

आता आर्डिसचा रिवाज मला पाठ आहे. रुग्ण आत यायच्या आधी ती ते पांढरं औषध सिरिंजमध्ये भरून, नावाची पट्टी लावून, ओळीत मांडून ठेवते. कधीही चुकत नाही. त्या दिवशी सील फोडलंच नव्हतं. मग तिचा हात सलाईनच्या नळीकडे गेला, तो काय घेऊन?

"आर्डिस," मी विचारलं, "तू दवाखान्यात येतेस ती गुंडा ब्रेकेच्या घरावरूनच ना?"

"रस्ता एकच आहे गावात येणारा."

"सकाळी ऑर्डेलची गाडी तिच्या अंगणात उभी होती?"

"बऱ्याच गाड्या उभ्या असतात लोकांच्या अंगणात."

"म्हणजे तुला माहीत होतं. तू त्याला झोपवणारच नव्हतीस. पोर बोलते की नाही एवढंच बघत होतीस."

"फार्मसी," ती म्हणाली, "तुझा स्वभाव फार संशयी होत चाललाय. हे चांगलं नाही."

मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "समज मला माहीत होतं. पण तिला थोडंच माहीत होतं मला माहीत आहे म्हणून?" आणि लंगडत निघून गेली. याला उत्तर म्हणावं की जाणं-येणं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

शाळेचा फोन आठवड्याभराने आला, माझ्याच खिडकीतल्या फोनवर, कारण आर्डिस स्वतःचा नंबर कुणाला देत नाही. ब्रिटा त्या दिवशी मुद्दामच आली होती. ती कपाटापलीकडे उभी राहून हाताच्या बोटांशी खेळत होती, मी गोळ्या मोजण्याचं सोंग करत होतो. पलीकडची बाई कुठल्यातरी दक्षिणेकडच्या राज्यातली असावी, कारण ती मोठ्याने आणि आनंदाने बोलत होती. आर्डिसने आधी तिलाच तिचं नाव, हुद्दा आणि तिथलं हवामान विचारलं. मग बहुधा शाळेच्या पत्रकावरचा नंबर पडताळून घ्यायचा म्हणून फोन ठेवून स्वतः परत लावला.

बाईने विचारलं असावं की उमेदवाराचे गुण काय. आर्डिस म्हणाली, "बरी आहे."

न्यू हॅलिंगमध्ये 'बरी आहे' म्हणजे हार-तुरे. पण दक्षिणेकडे 'बरी आहे' म्हणजे 'राहू द्या'. ब्रिटाने डोळे मिटून घेतले. मी आर्डिसला हाताने खुणा केल्या, आणखी बोल, वाढव. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला लाच देतोय. पलीकडून दुसरा प्रश्न आला असावा. आर्डिस हळू आवाजात बोलली.

"हे बघा बाई, माझा खुबा झिजलाय. कित्येक वर्षं डॉक्टर मागे लागलेत. मी करून घेतला नाही, कारण मला झोपवेल असं माणूस मिळालं नाही. तुमच्याकडे ती तीन वर्षं शिकेल ना? खुबा तीन वर्षं काढेल. मी आज डॉक्टरांना सांगून टाकलंय, त्या पोरीचं शिक्षण झालं की माझी तारीख लावा." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही, नातेवाईक नाही. ती मोएनची आहे. मी मूळची इथली नाही."

तिने फोन ठेवला. ब्रिटाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आर्डिसने ते पाहिलं, आणि इकडे तिकडे बघून, कुणाला हे दिसू नये अशा बेताने खिशातला रुमाल तिच्या हातात कोंबला. त्याआधी तिने रुमाल नीट उलगडून दोन्ही बाजूंनी बघून घेतला, ते सोडा.

"मिसेस लोकेन," ब्रिटा म्हणाली, "मी नक्की परत येईन."

"बघू. सगळ्या म्हणतात." आर्डिस दाराकडे निघाली, मग थांबून वळली. "आणि माझ्या खुब्याच्या दिवशी मला नीट विचारायचं, काय खाल्लं म्हणून. कुणाकडे गेले होते, कुत्रा कुठे सोडला, सगळं."

"विचारेन."

"विचार," आर्डिस म्हणाली. "मी खोटं सांगणार आहे."